शी जिनपिंग हनोईला जाऊन नक्की काय साधलं?

एप्रिल २०२५ मध्ये शी व्हिएतनामला गेले तेव्हा एका दमात ४५ करार झाले म्हणे. दोन्हीकडे कम्युनिस्ट पक्षच सत्तेत हे मान्य, पण १९७९ ला हेच दोघं लढले होते ना? मग आता एवढं गूळपीठ कसं?

उत्तर १:
विचारसरणी सोड रे, टायमिंग बघ. त्याच महिन्यात ट्रम्पने व्हिएतनामवर ४६ टक्के टॅरिफ जाहीर केला, मग ९० दिवस पुढे ढकलला, आणि नेमके त्याच गॅपमध्ये शी हजर. व्हिएतनामचं कसंय, सुटे भाग चीनकडून आणायचे, जोडायचे नि अमेरिकेला विकायचे, त्यामुळे कुणालाच दुखवून चालत नाही.

उत्तर २:
मला तर रेल्वेचंच जास्त वाटतं. चीनच्या सीमेवरच्या 'लाओ काय' गावापासून हनोईमार्गे हायफाँग बंदरापर्यंतची लाइन. तिथला जुना रूळ फ्रेंचांच्या काळातला, मीटर गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १००० मिमी, आणि चीनचा स्टँडर्ड गेज १४३५ मिमी, मग सीमेवर माल या डब्यातून उतरवा त्या डब्यात भरा, नुसती हमाली! नवी लाइन स्टँडर्ड गेजची होणारे, म्हणजे चीनच्या युन्नान प्रांताचा माल थेट बंदरात.

उत्तर ३:
आणि दक्षिण चीन समुद्रातल्या पॅरासेल बेटांचं काय, ज्यांच्यावर दोघंही हक्क सांगतात? ते भांडण तसंच आहे की. २०२३ च्या सप्टेंबरात बायडेन, डिसेंबरात शी, पुढच्या जूनमध्ये पुतिन, हनोईने सगळ्यांनाच पायघड्या घातल्या. याला ते बांबू डिप्लोमसी म्हणतात, वाकायचं पण मोडायचं नाही.

प्रश्नकर्ता:
अच्छा, ते गेजचं माहीतच नव्हतं, थँक्स.