शेणखतातील अळी: हुमणी की गेंड्या भुंगा?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड)
नमस्कार. बागेत चारी (लांबट चर) घेऊन त्यात भरण्यासाठी शेणखताचा खड्डा उकरला, तेव्हा तळाशी अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या, अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. ही हुमणी (पिकांची मुळे खाणारी अळी) आहे, खत बागेत घालू नका, असे शेजारी सांगतात. बांधावर नारळही आहेत. द्राक्षाच्या मुळांना धोका आहे का?

प्रतिसाद १
एवढी जाड अळी बहुधा गेंड्या भुंग्याची असावी. ती कुजलेले शेण, पालापाचोळा आणि कुजके लाकूड खाऊन वाढते. जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. नुकसान करतो तो शिंगवाला प्रौढ भुंगा. तो नारळाच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो, आणि पुढे ती झावळी उलगडली, की तिची पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. म्हणून खरी काळजी नारळांची करा.

हुमणीचे नेमके उलटे आहे. वळवाचा पाऊस पडला, की तिचे तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात, तेथेच त्यांचे मिलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मातीतील अंड्यांतून निघालेली अळी मात्र ऊस, भुईमूग अशा पिकांची मुळे कुरतडते आणि वाळू लागलेले झाड ओढताच हातात येते.

प्रतिसाद २
वरील माहिती योग्य आहे, परंतु खतातील प्रत्येक अळी निरुपद्रवी मानू नये. हुमणीची लहान अळी सुरुवातीला सेंद्रिय पदार्थांवरही जगते, त्यामुळे अर्धवट कुजलेल्या खताबरोबर ती शेतात जाऊ शकते. आणखी एक पडताळा घ्यावा: अळी सपाट फरशीवर ठेवा. पाय वर करून ती पाठीवर सरकू लागली, तर ती या दोहोंपैकी नसून फुलभुंगेऱ्याची आहे आणि खत कुजवण्यास तिची मदतच होते.

प्रतिसाद ३
खत पसरून अळ्या वेचून घ्या. पक्षीही बऱ्याच टिपतात. त्यानंतर ओलसर खतात मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी मिसळावी. या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजून आत शिरतात, आणि हुमणी व गेंड्या या दोन्हींवर ती चालते. मात्र द्राक्षबागेत बुरशीनाशकांचा वापर मोठा असतो; त्याच चारीत बुरशीनाशकाची आळवणी केली (मुळांशी द्रावण ओतले), तर मेटारायझियमही मरेल.