इटली आणि स्वित्झर्लंड : रेल्वेने फिरावे की भाड्याच्या कारने?

प्रश्न
सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आणि माझे सासू-सासरे असे चौघे रोम, फ्लॉरेन्स, टस्कनीतील काही गावे, व्हेनिस आणि शेवटी इंटरलाकेन असा प्रवास करणार आहोत. चौघांच्या तिकिटांची बेरीज केली की कार स्वस्त पडेल असे दिसते. शिवाय सासऱ्यांना गुडघेदुखी असल्यामुळे सामानासह जिन्यांची चढउतार टाळायची आहे. मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने कार चालवण्याची मला सवय नाही. पूर्ण प्रवासासाठी कार घ्यावी का?

प्रतिसाद १
आपण बेरजेत फक्त कारचे भाडे धरले असावे. इंधन, इटलीतील महामार्गांवरचा टोल, शहरांतील पार्किंग आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी लागणारे ४० फ्रँकचे विन्येट (महामार्ग वापरण्याचा परवाना), जे एका दिवसासाठी गेलात तरी वर्षाचेच घ्यावे लागते, एवढे सगळे त्यात मिळवून पाहा. एका देशात घेतलेली कार दुसऱ्या देशात सोडायची, तर त्याचे शुल्क वेगळे आणि चांगलेच जड असते.

खरी डोकेदुखी मात्र झेडटीएल, म्हणजे जुन्या शहरांतील वाहनबंदीचे भाग, ही आहे. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि शेजारच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ अशी उजळलेली अक्षरे दिसली, की कॅमेरे चालू आहेत आणि परवान्याशिवाय आत जाता येत नाही असे समजावे. मागे वाहनांची रांग असताना हे वाचून होईपर्यंत कार पुढे गेलेली असते. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि आपली माहिती पोलिसांना दिल्याबद्दल कार कंपनी कार्डावरून पैसे कापते ते निराळेच. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने सुमारे दीड तास लागतो आणि आपण थेट शहराच्या मध्यभागी उतरतो. या मार्गावर त्रेनितालिया आणि इतालो या रेल्वे कंपन्यांची स्पर्धा असल्याने आधी आरक्षण केल्यास तिकिटेही बरीच स्वस्त मिळतात.

प्रतिसाद २
शहरांपुरते हे मान्य आहे. टस्कनीत मात्र मी कारच सुचवेन. सान जिमिन्यानोला रेल्वे स्थानकच नाही. पोज्जिबोन्सीला उतरून बस धरावी लागते. पिएन्झा आणि व्हाल दॉर्चाच्या टेकड्या पाहायच्या, तर बसच्या वेळापत्रकावर अवलंबून राहण्यात निम्मा दिवस जातो. कार फ्लॉरेन्स शहरात न घेता विमानतळावर घ्यावी आणि तिथेच परत करावी. शहरातून तिथपर्यंत ट्राम जाते, त्यामुळे झेडटीएलचा प्रश्नच उद्भवत नाही. गावांत तटाबाहेर पार्किंग असते: पांढऱ्या रेषा बहुधा मोफत, निळ्या सशुल्क आणि पिवळ्या रहिवाशांसाठी राखीव. ऑटोमॅटिक कार हवी असल्यास लवकर आरक्षित करावी, कारण तिथे गिअरच्या कारच अधिक असतात. मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड जवळ ठेवावे.

प्रश्नकर्ती
टस्कनीपुरती कार घेण्याचे पटले. पण रेल्वे स्थानकांतील जिन्यांचे काय?

प्रतिसाद ३
रोम तेर्मिनी, फ्लॉरेन्सचे सान्ता मारिया नोव्हेल्ला, व्हेनिसचे सान्ता लुचिया आणि मिलान चेंत्राले ही चारही स्थानके अशी आहेत की रूळ तिथेच संपतात. त्यामुळे एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पूल किंवा भुयार ओलांडावे लागत नाही. डब्याच्या दारातील पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतात, आणि त्यासाठीही आधी कळवल्यास ‘साला ब्लू’ या सेवेकडून विनामूल्य मदत मिळते.

गुडघ्यांची परीक्षा खरे तर व्हेनिसचे पूल घेतात. हॉटेल स्थानकाजवळ किंवा व्हापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीच्या, धक्क्याला लागून घ्यावे. कारचा तिथे काहीच उपयोग नाही, कारण ती पियात्साले रोमापाशीच ठेवावी लागते. पुढे मिलान आणि स्पीझ येथे रेल्वे बदलून इंटरलाकेनला पोहोचता येते. त्या भागातील वेंगेन आणि म्युरेन या गावांत पर्यटकांची कार जातच नाही, तर स्विस ट्रॅव्हल पासवर तिथली रेल्वे आणि थून व ब्रिएन्झ सरोवरांतील बोटी दोन्ही चालतात. युंगफ्राउयोख या उंच पर्वतावरील रेल्वे स्थानकाच्या तिकिटावर मात्र या पासने केवळ सवलत मिळते, त्यामुळे ते पैसे वेगळे धरून ठेवावेत.