केबलचा बोगदा, भुयार की सुरुंग?

शब्दवेडी: नॅशनल ग्रिड या ब्रिटिश वीजवहन कंपनीच्या लंडनमधल्या जमिनीखालच्या मार्गावरच्या मजकुराचं भाषांतर करतेय. विम्बल्डन ते क्रेफर्ड, ३२.५ कि.मी., व्यास ३ मीटर, आत ४०० के.व्ही.च्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या केबल. मी 'केबल-बोगदा' लिहिलं, संपादकांनी 'उच्चदाब विद्युत सुरुंग' केलं. वाचकाला वाटेल, लंडन उडवायला निघालेत!

घाटमाथा: हिंदीतला 'सुरंग' उचललाय, दुसरं काय. मराठीत सुरुंग लावतात, त्यातून जात नाहीत.

मोडीवाला: हिंदीवर खापर नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' आहे, अर्थ भुयारच. मूळ ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे नळी, असं मानतात. इंजेक्शनची सिरिंज त्याच घराण्यातली. तटाखाली भुयार खणून दारू ठासायचे, तेव्हा भुयाराचं नाव स्फोटाला चिकटलं असणार.

निवृत्त वायरमन: काहीही लिहा, 'भुयारी केबल' तेवढं लिहू नका. आमच्यात भुयारी म्हणजे चर खणून, वाळू पसरून, वर विटा लावून गाडलेली. भुयार कुठेच नसतं! फॉल्ट आला की रस्ता फोडा. बोगद्यात केबल भिंतीच्या ब्रॅकेटवर असते, माणूस चालत जाऊन जॉइंट बघतो. केबल तापते म्हणून पंख्यांनी हवा खेळवतात. दोन्हीला एकच शब्द कसा चालेल?

शब्दवेडी: काका, हेच हवं होतं! मग 'केबल-बोगदा' ठेवू ना?

घाटमाथा: बोगद्याला डोंगर हवा. कसारा घाटात गाडी आत शिरली की आम्ही पोरं बोंबलायचो, तो बोगदा. हे शहराखाली, विहिरीसारख्या उभ्या शाफ्टमधून उतरायचं. भुयारच. भूमिगृहापासून आलेला अस्सल शब्द आहे.

मुलुंडकर: मुंबईच्या मेट्रो ३ ला कुठला डोंगर लागला? पेपरवाले बोगदाच छापतात.

शुद्धलेखक: मुळात 'केबल' कशाला? वाहिनी म्हणा.

निवृत्त वायरमन: अहो, खांबावरची उघडी तारसुद्धा वाहिनीच. केबलला इन्सुलेशन असतं.

शुद्धलेखक: सवयीचा प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' रुळलंच की.

निवृत्त वायरमन: कागदावर रुळलं. रात्री फोन येतो तो 'डीपी उडाली'चाच.

मुलुंडकर: डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर कुठे? दोन खांब ना, डबल पोल?

घाटमाथा: आमच्या गावात खालच्या फ्यूजच्या डब्याला डीपी म्हणतात.

शब्दवेडी: मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय हो...

मोडीवाला: 'रोहित्र' नक्की कुणी घडवला, कुणाला ठाऊक आहे का?