कारवान कुत्री फाटकाबाहेर पाऊल टाकेना, काय करावं? (सांगली)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे दोन वर्षांची कारवान (सडपातळ, वेगवान शिकारी जात) कुत्री आहे, हरणी. जतच्या मामांनी पिल्लू असताना दिलेली. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो, त्यामुळं रान नाही. जे काय ते सकाळ-संध्याकाळचं फिरणं.

गेल्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. एका सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावर उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा दणका. ही दचकली आणि पुढं पळायच्या ऐवजी मागं सरकली. मान खाली घातली आणि पट्टा कानांवरून सुळकन निघून माझ्या हातात! ढिला नव्हता हो, दोन बोटं जेमतेम जायची. मी "हरणी, हरणी" ओरडत मागं धावलो, तिला वाटलं शर्यत लागली. पुढच्या गल्लीत कचऱ्याच्या कोंडाळ्यापाशी सहा-सात कुत्र्यांचं टोळकं असतं, त्यांनी तिला गाठलं. एका दूधवाल्या काकांनी किटली वाजवून त्यांना पांगवलं म्हणून निभावलं. मांडीला टाके पडले. रेबीजची लस वेळेत झालेली होती, तरी डॉक्टरांनी पुन्हा दिली.

जखम भरली, पण आता ती फाटकापाशी येऊन बसकण मारते. ओढलं तर थरथरते, शेपूट पोटात. घरात घाण करायची नाही हा तिचा नेम, म्हणून सगळं फाटकाच्या आतल्या कर्दळीवर उरकते. कर्दळ वाळली. आई म्हणते, मामाकडं परत धाड. मामा हसतात, "कारवान कुत्रं ट्रॅक्टरला भ्यालं व्हय रं?"

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्यावा का? टोळकं अंगावर आलं तर काय करायचं? काठी दाखवली की ती जास्तच चवताळतात. आणि हिची भीती कशी घालवू?

मिरजवाला: चूक तुमची नाही, पट्ट्याची आहे. कारवान, पश्मी, मुधोळ, या सगळ्या शिकारी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं, मान जवळपास तेवढीच जाड. साधा पट्टा मागं सरकलं की निघतोच. मार्टिंगेल पट्टा घ्या. त्याला एक जादा कडी असते. ओढ बसली की डोक्यातून निघणार नाही इतका आवळतो, पण फास बसत नाही. फक्त फिरताना घालायचा, घरात काढून ठेवायचा. हार्नेसचं म्हणाल तर छाती खोल आणि कंबर बारीक असल्यानं साध्या हार्नेसमधूनही ही मंडळी मागं सरकून निसटतात. बरगड्यांच्या मागून तिसरा पट्टा येणारा बघा. आणि ती आपोआप गुंडाळणारी दोरी अजिबात नको.

कुपवाडची ताई: दादा, काठी घरी ठेवा. थांबायचं, कुत्र्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, अंग थोडं तिरकं करून हरणीला मागं घ्यायचं आणि हळूहळू माघारी यायचं. पळालं की ती मागं लागणारच. माझ्या खिशात कायम बिस्किटांचा चुरा असतो, मूठभर लांब फेकला की निम्मी तिकडंच अडकतात. त्या टोळक्याला रोज खायला कोण घालतं ते शोधा, त्यांच्याशी ओळख काढा, खायला घालायची वेळ कळली की ती टाळता येते.

ऊसवाला: ताई, एवढं कशाला? महापालिकेला सांगून टोळकं उचलायला लावा की.

कुपवाडची ताई: उचललं तरी सहसा नसबंदी आणि लस करून त्याच जागी परत सोडावं लागतं, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तसंच आहे. कानाला खाच दिसली तर ते काम झालेलं आहे असं समजायचं. नसबंदीसाठी मात्र जरूर कळवा, भांडणं कमी होतात.

भीतीचं म्हणाल तर महिनाभर फिरणं विसरा. फाटक उघडं ठेवून, तिला दोरीला धरून, आत खाली बसा आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्या. तिनं स्वतः पाऊल टाकलं तर तुकडा, नाही टाकलं तरी राग नाही. ओढायचं तर नाहीच. ट्रॅक्टरचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून अंडं भरवा, चार-चार दिवसांनी आवाज थोडा वाढवा. कान मागं गेले की बंद. टोळकं नको म्हणून सकाळी दहाला मात्र नेऊ नका. उन्हाळ्यात डांबर तापतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर तिला पण सोसणार नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. अकरा दिवस झाले. काल ती शेजाऱ्यांच्या कडुनिंबापर्यंत आली, तिथं लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला तशी वळून थेट घरात. पण आज सकाळी परत कडुनिंबापर्यंत आली, स्वतःहून. अंड्यांचा खर्च बघून आई आता वेगळ्याच कारणानं मामाचं नाव काढते.

मार्टिंगेल इथल्या दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवतोय. मान ३६ सेंमी, कानांपाशी डोकं ३७. मोठ्यात मोठा ३८ पर्यंत उघडणारा पट्टा डोक्यातून जाईल, की त्याच्या पुढचा साईज घेऊ? मिरजवाले, जरा सांगा.