गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन, त्यात हिपॅटायटिस सी : आधी कशाचा उपचार? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईसाठी लिहितेय. वय ६७, राहणार सांगली जिल्हा. उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत हिपॅटायटिस सी निघाला. तिला आयुष्यात कधी कावीळ झाल्याचं आठवत नाही. पण १९९४ मध्ये गर्भपिशवी काढताना दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ च्या सुमारास. डॉक्टरांच्या मते तेव्हापासूनच तो अंगात असणार. व्हायरल लोडही पॉझिटिव्ह आला, म्हणजे जुनी खूण नाही, विषाणू आजही चालू आहे. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) ९.१, सिरोसिस म्हणजे लिव्हर कायमचं निबर होणं, ते नाही. "लिव्हर ठीक आहे, गुडघा उरकून घेऊ, हिपॅटायटिसच्या गोळ्या नंतर सुरू करू" असं तेव्हा ठरलं.

टाके काढल्यावर जखमेचं खालचं टोक सुकेचना. रोज सकाळी गॉजवर रुपयाएवढा पिवळसर ओला डाग. ताप नव्हता, पण गुडघा गरम लागायचा आणि सीआरपी (रक्तातली सूज-इन्फेक्शनची खूण) चढत गेला. गुडघ्यातलं पाणी काढून कल्चर केलं, त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. लगेच गुडघा पुन्हा उघडून धुतला, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलला, धातूचे भाग तसेच ठेवले. इन्फेक्शन पहिल्या महिन्यातच सापडलं म्हणून सांधा वाचवण्याची संधी आहे, नाहीतर सगळं काढून आधी औषधी सिमेंटचा ठोकळा आणि काही आठवड्यांनी नवा सांधा, अशी दोन ऑपरेशनं करावी लागतात, असं सांगितलं.

आता शिरेतली इंजेक्शनं संपून रिफाम्पिसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या चालू आहेत. खरा पेच इथे आहे.

हे जंतू धातूवर बुळबुळीत थर करून बसतात आणि त्या थरात शिरून काम करणारं औषध म्हणजे रिफाम्पिसिन. त्यामुळे ऑर्थोचे डॉक्टर ते सोडायला तयार नाहीत. कोर्स तीन ते सहा महिन्यांचा म्हणतात. लिव्हरचे डॉक्टर म्हणतात, हिपॅटायटिस सी साठी सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर या गोळ्या १२ आठवडे द्यायच्या आहेत, पण रिफाम्पिसिनसोबत त्या देताच येत नाहीत. रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण इतकं घसरतं की उपचार फुकट जायचा आणि विषाणू चिवट व्हायचा. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही दोन आठवडे तरी जाऊ द्यावे लागतात.

मध्यंतरी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) ७० वरून १६८ वर गेला आहे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, नॉर्मल. हे विषाणूमुळे की रिफाम्पिसिनमुळे, कुणी ठामपणे सांगत नाही. लक्षणं नसतील तर नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण पाचपट होईपर्यंत थांबतात म्हणे. आपण चारपटीच्या पुढे आहोत. त्यात रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. आत्या बघून रडायलाच लागली, तिला वाटलं कावीळ उतरली. आता आम्ही लघवीपेक्षा डोळ्यांचा पांढरा भाग रोज उजेडात बघतो.

मला विचारायचं आहे ते असं. सांध्यासाठी रिफाम्पिसिन चालू असताना हिपॅटायटिस सी चा उपचार पुढे ढकललेलं कुणाच्या घरी झालंय का? त्या काळात लिव्हरचे रिपोर्ट किती दिवसांनी करायचे? एसजीपीटी आणखी चढला तर रिफाम्पिसिन सोडून दुसऱ्या औषधांवर सांधा टिकल्याचा अनुभव आहे का? रिफाम्पिसिनच्याच जातीच्या रिफाब्युटिनबद्दल मी विचारलं, पण तेही हिपॅटायटिसच्या गोळ्यांसोबत चालत नाही असं कळलं.

दुसरं, हे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मी फाइल घेऊन इकडून तिकडे निरोप नेते आणि प्रत्येकाचं त्याच्या जागी पटतं. पुणे, मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईत असं ठिकाण माहीत आहे का, जिथे ऑर्थो, लिव्हर आणि इन्फेक्शनचे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय देतात? हिपॅटायटिसच्या गोळ्यांच्या खर्चाची अडचण नाही, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सिव्हिलमधून त्या मोफत मिळतात. अडचण आहे ती क्रमाची.

आणखी एक, मनाला लागलेलं. घरी येणाऱ्या एका नातलगाने आईचं ताट वेगळं ठेवायला सांगितलं. हा आजार रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने नाही. ड्रेसिंग मी हातमोजे घालून करते, तिची नेलकटर-ब्रश वेगळे आहेत, तेवढं पुरेसं आहे. पण आई आता स्वतःच वेगळी बसायला लागली आहे. तिच्याशी कसं बोलावं, हे कुणी यातून गेलेलं असेल तर जरूर सांगा.

औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरच घेतील, पण सोमवारी दोघांकडे अपॉइंटमेंट आहे. त्याआधी काय विचारायचं ते नीट ठरवायचं आहे. रिपोर्टचे आकडे हवे असतील तर विचारा, इथेच देते.