ड्रॉप वेस्ट ड्रेस घातला की झबलं का वाटतं? १९२० च्या बायकांना कसं काय शोभायचं?

अळंटळं

मंडळी मदत हवीये, तातडीची.

सध्या जिकडेतिकडे ते कमरेच्या बरंच खाली शिवण असलेले ड्रेस दिसतायत ना, ड्रॉप वेस्ट म्हणतात ते, मलाही मोह झाला, त्यात मैत्रिणीच्या पार्टीची थीम १९२० चं दशक म्हणजे आयतंच निमित्त, मागवला ऑनलाइन. काळा, जाडसर कॉटन, बिनबाह्यांचा, वर अंगासरशी बसणारा आणि खाली कुल्ल्यांपासून गोल चुण्याच चुण्या, लांबी पोटरीच्या मधोमध. घालून आरशासमोर उभी राहिले तर वर बाई आणि खाली लॅम्पशेड! पाय निम्मे झाले, बूड दुप्पट झालं. नवरा आतून येऊन बघून गेला आणि म्हणाला, "एवढं मोठं झबलं मिळतं?"

तर प्रश्न असा की जुन्या फोटोंत त्या फ्लॅपर, म्हणजे तेव्हाच्या फॅशनेबल बिनधास्त, बायका इतक्या सडसडीत आणि ऐटीत कशा दिसतात? सगळ्याच बारीक होत्या का? आणि मुळात ही कंबर फॅशनमधे सारखी वरखाली का होत असते, एका जागी बसत का नाही? शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रेस परत करू का यातून काही होईल? चार दिवस आहेत हातात.

उसवलेली_शिवण

अगं थांब, परत करू नकोस एवढ्यात. आधी सांग छातीला टक्स, म्हणजे अंगाला बसवायला कापड चिमटीत धरून मारलेल्या शिवणी, आहेत का? "वर अंगासरशी" म्हणतेयस म्हणजे असणारच.

हीच तर गोम आहे. आत्ताचे ड्रॉप वेस्ट आणि तेव्हाचे यांचं फक्त नाव सारखं. १९२० च्या दशकातला ड्रेस खांद्यावरून लोंबायचा, म्हणजे अक्षरशः खुंटीला टांगल्यासारखा, खांद्यापासून कुल्ल्यापर्यंत सरळ नळकांडं. टक्स जवळजवळ नाहीतच, असलाच तर बगलेत एखादा बारका. कापड कुठलं तर रेशमी क्रेप, जॉर्जेट, शिफॉन, सगळी झुळझुळीत. संध्याकाळच्या ड्रेसवर वरून काचेच्या मण्यांचं काम, ते वजन कापडाला खाली ओढायचं म्हणून ती सरळ रेघ दिसते. आत्ताचा ड्रेस काय करतो, वर छाती-पोट घट्ट आवळून दाखवतो आणि मग नेमका जिथे शरीर सगळ्यात रुंद तिथे आडवी शिवण मारून चुण्या सोडतो. बरं तेव्हाची ती "शिवण" सुद्धा बऱ्याचदा शिवण नसायचीच, नुसता सैल पट्टा किंवा फीत असायची, बसताना उठताना इकडेतिकडे सरकणारी.

आणि हो, सगळ्या बारीक अजिबात नव्हत्या. कॉर्सेट, ते कंबर आवळणारं आतलं वस्त्र, गेलं म्हणतात ते अर्धंच खरं. छाती सपाट करणाऱ्या चोळ्या मिळायच्या, कुशीला नाडी ओढून बांधायच्या, आणि कुल्ल्यांसाठी इलॅस्टिकचे गर्डल, म्हणजे दाबून धरणारे पट्टे. म्हणजे कंबर आवळायचं थांबवलं आणि बाकीचं सगळं दाबायला घेतलं. शिवाय तू बघतेस ते फोटो नट्यांचे किंवा मासिकांतली चित्रं, चित्रात पाय दीडपट लांब काढायची पद्धतच होती. तेव्हाचे साध्या बायकांचे घरगुती फोटो बघ, बऱ्याच जणी तुझ्यासारख्याच झबल्यात दिसतील :)

निवांत_नाना

कंबर वरखाली का होते हा फार आवडीचा विषय आहे त्यामुळे लांबण लागेल, हलके घ्या.

१८०० च्या आसपास कंबर थेट छातीखाली होती. ग्रीक-रोमन पुतळ्यांचं वेड लागलं होतं आणि पांढऱ्या पातळ मलमलीचे झगे घालायचे. यातली एक गंमत सांगतो. त्याआधी बायकांचे खिसे ड्रेसला शिवलेले नसायचेच, कापडी पिशवी फितीने कमरेला बांधायची, वरून घागऱ्यासारखे थर, आणि थरांना चीर ठेवलेली, त्यातून हात घालून आतली पिशवी चाचपायची. पातळ सरळ झग्याखाली ही पिशवी टेंगळासारखी दिसायला लागली, मग ती बाहेर आली आणि हातात लटकली. तिला रेटिक्यूल म्हणायचे. कंबर चार बोटं वर काय गेली, खिसा गेला नि पर्स आली, आणि बायका आज दोनशे वर्षांनंतरही ड्रेसला खिसा का नाही म्हणून भांडतायत!

मग १८२० नंतर कंबर खाली घसरत मूळ जागी आली. १८२८ च्या सुमारास कॉर्सेटला धातूच्या चकत्यांची भोकं आली, त्याआधी भोकं दोऱ्याने काज्यासारखी विणलेली असायची, जास्त ओढलं की कापड फाटायचं. आता फाटायची भीती गेली मग काय, ओढा. १८५६ ला पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं, म्हणजे घागरा फुगवणाऱ्या पिंजऱ्याचं, पेटंट निघालं, त्याची टिंगल खूप झाली पण पाच-सहा जाड परकर एकावर एक घालण्यापेक्षा तो पिंजरा हलका होता, आत पाय तरी मोकळे हलायचे. मग घेर पुढून आटून मागे गेला, ते 'बसल' (bustle) प्रकरण, ते मी सोडतो कारण मला ते कधीच आवडलं नाही.

खरा पलटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पॉल प्वारे नावाच्या पॅरिसच्या फॅशन डिझायनरने ड्रेसचं वजन कमरेवरून खांद्यावर नेलं, कंबर पुन्हा छातीखाली. आणि याच बाबाने १९१० च्या आसपास हॉबल स्कर्ट आणला, घोट्यापाशी इतका अरुंद की बाईने टुकूटुकू चालायचं. वर सोडलं आणि खाली बांधलं. पण एकदा वजन खांद्यावर गेलं की कमरेला काही कामच उरत नाही, मग शिवण कुठेही मारा! म्हणून १९२० च्या दशकात ती कुल्ल्यावर जाऊ शकली, उसवलेली_शिवण यांनी सांगितलं तेच.

पुढे १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसच्या दिओर या डिझायनरने सगळं उलटं फिरवलं, बारीक आवळलेली कंबर, कुल्ल्यांना आतून पॅडिंग, मीटरच्या मीटर कापड. तेव्हा ब्रिटनमधे कपड्यांचं रेशनिंग चालू होतं, ते १९४९ ला उठलं, त्यामुळे लोक भडकले ते बरोबरच होतं. दहा वर्षांत बालेन्सियागा या दुसऱ्या डिझायनरने कंबरच पुसून टाकली, १९५७ चा सॅक ड्रेस, नावाप्रमाणे पोतं. म्हणजे तुमच्या नवऱ्याचा शेरा तेव्हाच्याही बऱ्याच नवऱ्यांनी मारलेला असणार.

माझं मत विचाराल तर कारण एकच, आईने जिथे पट्टा बांधला तिथे मुलीला बांधायचा नसतो.

टोमणे_मावशी

मी तर ऐकलंय की बाजार तेजीत असला की स्कर्ट आखूड होतात आणि मंदी आली की लांब. १९२० ची तेजी म्हणून गुडघे दिसले, १९२९ ला बाजार कोसळला आणि स्कर्ट पण कोसळले. मग आता ड्रॉप वेस्ट परत आला म्हणजे काय समजायचं, पैसे काढून घेऊ का 😄

अर्धवटराव

मावशी पैसे राहू द्या तिथेच. हा सिद्धांत ऐकायला झकास आहे पण तारखा जुळत नाहीत. ज्याँ पातू या पॅरिसच्या डिझायनरने स्कर्ट लांब केले आणि कंबर मूळ जागी आणली ते १९२९ च्या हिवाळ्याच्या कलेक्शनमधे, ते दाखवलं उन्हाळ्यात, आणि बाजार कोसळला ऑक्टोबरात. कापड आधी बेतलं गेलं होतं हो.

आणि "१९२० चं दशक म्हणजे गुडघ्यापर्यंत स्कर्ट" हा पण गैरसमजच. १९२२-२३ ला कंबर कुल्ल्यावर होती पण स्कर्ट घोट्याच्या जरा वर. गुडघ्याला टेकला तो १९२६-२७ ला, टिकला दोन-तीन वर्षं फक्त. सगळ्या थीम पार्ट्या त्या दोन-तीन वर्षांच्याच असतात. आणि त्या नायलॉनच्या झालरी लावलेले पार्टीवाले ड्रेस तर डोक्यात जातात माझ्या, तेव्हा झालरीपेक्षा मण्यांचंच काम जास्त असायचं.

अवांतर: नानांनी जीन्स सोडली. १९९३ ला लंडनमधे अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरने बम्स्टर पँट आणली, मागून इतकी खाली की पाठीचा शेवटचा मणका उघडा. तो म्हणायचा पाठ लांब दिसावी म्हणून केलंय. त्यानंतर लो वेस्ट जीन्सची जी लाट आली त्यात आमची अख्खी पिढी वाकून काही उचलायला घाबरायची.

अळंटळं

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, नाना तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, पोतं ऐकून खूष झाला.

@उसवलेली_शिवण टक्स आहेत, पुढे दोन मागे दोन. कापड तर झुळझुळीत नाहीच, सोडलं तर उभं राहतं. म्हणजे फ्लॅपर होणं नशिबात नाही, बरोबर? आणि माझी कुल्ल्याची मापं काही मुलासारखी सपाट नाहीत, ती तशी दाबून ठेवायची पण इच्छा नाही. मला जेवायचंय तिथे.

उसवलेली_शिवण

मग तू फ्लॅपर व्हायचंच कशाला? त्या दशकात दुसरा एक प्रकार होता आणि तो लोकांना माहीतच नसतो, रोब द स्तील. झान लानव्हँ या पॅरिसच्या डिझायनर बाईंचा. वरचा भाग साधा, कंबर खालीच, पण खाली भरपूर घेर आणि लांबी पोटरीच्या खाली. टॅफेटासारखं ताठ रेशीम वापरायची ती, जे सोडलं तर उभं राहतं!! म्हणजे तुझं कापड जे फ्लॅपरला नालायक ते याला लायक. ज्यांना ती नळी शोभत नव्हती त्या हा घालायच्या, आणि पोरगेल्या मुलीपासून वयस्क बाईपर्यंत कुणावरही चालायचा.

आता नीट वाच. तिचा घेर गोल नव्हता. अठराव्या शतकातल्या झग्यांवरून उचललेला, घेर दोन्ही बाजूंना आणि पुढून-मागून सपाट. तू लॅम्पशेड दिसतेस कारण चुण्या गोल सगळीकडे सारख्या आहेत, पोटावरच्या चुण्या पुढे येतात आणि बाजूने बघितलं की माणूस पिंपासारखं दिसतं. पोटावर सपाट ठेवलं की उभी रेघ तुटत नाही, बाजूला कितीही फुगू दे. त्याच काळात अमेरिकेत मेरी ब्रुक्स पिकन बायकांना घरच्या घरी तासाभरात ड्रेस शिवायला शिकवत होती, वन अवर ड्रेस, एक कापड दुमडून खांद्यातून सलग कापायचं, त्यातही स्कर्टचा जास्तीचा घेर कुल्ल्याच्या दोन बाजूंनाच गोळा केलेला. महागडी असो की घरगुती, युक्ती तीच.

तर असं कर:

कुल्ल्याची शिवण पुढून उसव, एका बाजूच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत. मधला वीतभर भाग सपाट ठेवून चुण्या दोन्हीकडे ढकल, बाजूच्या शिवणीपासून चार-चार बोटांत दाटीवाटीने बसव. धावदोरा घालून आधी अंगावर बघ मगच टीप मार. मागे पण तसंच. पुढचे दोन टक्स सोडून दे, बगलेकडून जरा मोकळं झालं की वरचा भाग आपोआप खांद्यावर टांगल्यासारखा होतो. कापडावर टक्सची जुनी खूण राहील, ओला फडका ठेवून इस्त्री कर. आणि लांबी, पोटरीचा सगळ्यात जाड भाग असतो तिथे ड्रेस कधीच संपवू नये, एकतर खाली ने नाहीतर वर. तुझा खाली नेता येणार नाही म्हणजे वर, गुडघ्याखाली चार बोटं.

टीप मारली की परत करता येणार नाही हे लक्षात ठेव, उसवायच्या आधीच विचार कर.

टोमणे_मावशी

हे वाचून मी कपाटातून माझा काढला आणि पोटावरच्या चुण्या चिमटीत धरून बाजूला ओढून आरशात बघितलं. अगं बाई. खरंच की.

निवांत_नाना

रोब द स्तील माझ्याकडून सुटला होता, मान्य. एक भर घालतो, त्याच पॅरिसमधे मादलेन व्हिओने ही डिझायनर उरेब कापडात ड्रेस बेतत होती. उरेब म्हणजे धाग्याला तिरकं, ४५ अंशात, ज्याची पट्टी आपण गळ्याला लावतो तसा अख्खा ड्रेस. आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायची. उरेब कापड स्वतःहून अंगाला धरतं, टक्स नको का काही नको, त्यातूनच १९३० चं दशक आलं आणि कंबर कुठलीही शिवण न मारता दिसायला लागली.

अर्धवटराव

नाना, पण उरेब ड्रेस हँगरला टांगू नका हे पण सांगा, लोंबून लोंबून खालची कड वाकडीतिकडी होते. अनुभव आहे. बहिणीचा होता, माझा नाही :D

अळंटळं

अपडेट. उसवला.

नवरा म्हणाला नवाकोरा ड्रेस कात्रीने फाडणारी बाई पहिल्यांदा बघतोय. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्यांदा चुण्या बाजूला ढकलल्या तेव्हा सगळ्या नेमक्या हाडावर आल्या आणि दोन्हीकडे कान फुटल्यासारखं झालं, मग शिवण बोटभर खाली सरकवली तेव्हा बसलं. टक्स सोडल्यावर पहिले दहा मिनिटं वाटलं आता मात्र खरंच पोतं, सवय नाही ना पोटाशी सैल असण्याची, पण चालून बघितलं तर कापड अंगापासून सुटं हलतं आणि ते छान वाटतं. टक्सची खूण एका बाजूला अजून दिसते, तिथे ब्रोच लावणारे. खालून कापलेली पट्टी उरली होती तिचा सैल पट्टा केला, शिवण झाकायला, तो सरकतो पण तुम्हीच म्हणालात ना सरकायचाच.

फोटो टाकत नाही पण नवऱ्याने यावेळी काही शेरा मारला नाही, नुसतं "हं" म्हणाला. आता बूट काय घालू ते सांगा, माझ्याकडे उंच सडक टाचेचे आहेत फक्त.

उसवलेली_शिवण

ते नकोत, त्या सडपातळ टाचा १९५० च्या दशकातल्या. जाडसर, दोन-अडीच इंची टाच आणि पावलावरून एक पट्टा असलेले बघ, कुणाकडे तरी असतीलच. तेव्हा नाचायचे बूट होते ते, नाचताना पायातून निसटू नयेत म्हणून पट्टा. आणि ब्रोच खांद्याजवळ नको, कुल्ल्यावर पट्ट्याच्या एका बाजूला लाव, टक्सच्या खुणेकडे कोणी बघणार नाही.

अळंटळं

ब्रोच कुल्ल्यावर!! बसताना टोचला तर तुझं नाव घेईन.

उसवलेली_शिवण

पुढच्या बाजूला लाव गं.