एआयला मागचं लक्षात राहावं म्हणून काय वापरता?

अनुवादिनी: चार खंडांच्या एका इतिहासग्रंथाचा अनुवाद करतेय. मदतीला लॅपटॉपवरच चालणारं एक मॉडेल आहे. एका चॅटमध्ये पारिभाषिक शब्द पक्के करावेत, तर नवं चॅट उघडलं की पाटी कोरी. तीनशेच्या वर शब्द ठरलेत, काही मागाहून बदललेतही. अटी दोन: वर्गणी नको आणि करारामुळे मजकूर लॅपटॉपबाहेर जायला नको. प्रोग्रामिंग जुजबी येतं. काय करू?

कळफलक: सरळ वर्गणी भरा. चॅटजीपीटीत 2024 पासून मेमरी आहे, एप्रिल 2025 पासून ते जुन्या गप्पांचाही आधार घेतं. मी वर्षभर वापरतोय, माझी लिहिण्याची पद्धत त्याला पाठ झालीये.

अनुवादिनी: वर्गणी नको, मजकूर बाहेर नको, असं वरच लिहिलंय.

जुनंखोड: वेक्टर डेटाबेस, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत साठवून ठेवणारा डेटाबेस. दोन वर्षांच्या सगळ्या गप्पा मी क्रोमा नावाच्या अशाच डेटाबेसमध्ये भरल्यात, लॅपटॉपवरच. प्रश्न विचारला की अर्थाने जवळचे तुकडे काढून मॉडेलपुढे ठेवतो. एका सुट्टीत उभं केलं, आजतागायत बंद पडलेलं नाही.

स्वल्पविराम: बंद पडत नाही हो, पण चुकीचं सांगतं. 'हा शब्द वापरायचा' आणि 'हा शब्द वापरायचा नाही' ही दोन वाक्यं वेक्टरमध्ये शेजारी-शेजारी बसतात. जुना निर्णय आणि नवा, दोन्ही वर येतात आणि मॉडेल त्यातला एक बिनधास्त उचलतं. माझं अख्खं प्रकरण रद्द केलेल्या शब्दांनिशी तयार झालं होतं. विसरलं असतं तर परवडलं असतं, निदान मी पुन्हा सांगितलं असतं.
आणखी एक. 'उद्या मसुदा द्यायचाय' असं मी बोललो, त्याने नोंदीत 'उद्या' असंच ठेवलं. तीन आठवडे तो मसुदा उद्याच द्यायचा होता! नोंदीत तारीखच हवी.

जुनंखोड: प्रत्येक तुकड्याला तारीख जोडा आणि शोधताना गाळा. साधन वाईट नाही.

तर्कटी: मुळात ही स्मृती नव्हेच. गप्पा मारल्याने मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकवताना ठरलेले त्याच्या आतले आकडे, बदलत नाहीत, दर वेळी जुना मजकूर पुन्हा वाचायला दिला जातो एवढंच. मग सगळा कोश प्रत्येक चॅटच्या सुरुवातीला चिकटवा.

स्वल्पविराम: लांब संदर्भात मधला मजकूर मॉडेलच्या नजरेतून निसटतो, हे 2023 च्या अभ्यासात दिसलंय. शिवाय बऱ्याच मॉडेल्समध्ये देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे, लागतात.

तर्कटी: तो अभ्यास तेव्हाच्या मॉडेल्सवरचा आहे.

कोरापान: वरचं सगळं वाचलं नाही, पण वेक्टर डेटाबेस घ्या.

पायवाट: ताई, आधी एक तपासा. लॅपटॉपवर मॉडेल चालवणाऱ्या ओलामासारख्या साधनांत संदर्भखिडकी, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढ्या मजकुराची मर्यादा, मुळात बरीच लहान ठेवलेली असू शकते. ती भरली की सुरुवातीचा मजकूर गुपचूप गळतो. एकाच चॅटमध्येही ते विसरत असेल तर सेटिंगमध्ये खिडकी वाढवून बघा.
स्मृतीसाठी मी साधी मजकूर-फाइल आणि फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरते. सत्र संपताना मॉडेलला नोंदी सुचवायला सांगते, मंजूर मी करते. निर्णय बदलला की जुनी ओळ फाइलमधून काढते, तिचा इतिहास गिटमध्ये राहतोच. मॉडेलला परस्पर लिहू देऊ नका. बाहेरच्या दस्तऐवजात 'हे लक्षात ठेव' अशी सूचना दडलेली असली, तर तीही स्मृतीत जाऊन बसते.

जुनंखोड: फाइल वाढली की शोधणार कशी? मराठीत 'शब्द' शोधला तर 'शब्दाला' सापडेल, पण 'घोडा' शोधून 'घोड्याला' सापडणार नाही. तिथे अर्थाने शोधणंच लागतं.

कळफलक: म्हणून म्हणतो, वर्गणी भरा.

अनुवादिनी: सर्वांचे आभार. पायवाट, खिडकी खरंच लहान होती, वाढवली. निम्मा त्रास तिथेच होता.
स्मृती मात्र जोडत नाहीये, वेक्टर नाही आणि नोंदी सुचवणारी फाइलही नाही. सुचवलेल्या नोंदी दोन दिवस तपासून पाहिल्या. वाक्यं इतकी नीटनेटकी होती की एक चुकीची नोंद मी वाचूनही मंजूर केली. आता तक्ता मीच भरते: मूळ शब्द, मराठी शब्द, कारण, तारीख. त्या दिवशीच्या प्रकरणात येणाऱ्या वीस-पंचवीस ओळीच चिकटवते. रोज दहा मिनिटं जातात, चालेल.

जुनंखोड: चौथ्या खंडापर्यंत हात दुखतील. तेव्हा हाक मारा, क्रोमात भरून देईन.